चार्जिंगच्या युनिटांवरून ईव्हीच्या बॅटरीची तब्येत कशी काढायची

उन्हाळा लागला की नागपुरातल्या ईव्हीवाल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: डॅशबोर्डवरची रेंज एकदम घटली, बॅटरी उतरली का? बहुतेक वेळा उतरलेली नसते. एप्रिल-मेमध्ये एसी सतत चालू असतो, आणि ‘अजून इतके किलोमीटर जाल’ हा आकडा गाडी मागच्या काही दिवसांच्या चालवण्यावरून काढते. त्यात बॅटरीपेक्षा तुमचा पाय आणि एसी जास्त बोलतात. खरी झीज काढायची तर किलोमीटर बाजूला ठेवून युनिट मोजावे लागतात: इतक्या टक्क्यांपासून तितक्या टक्क्यांपर्यंत भरताना बॅटरीत किती युनिट गेले?

सूत्र शाळेतल्या त्रैराशिकाचं आहे. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजे वीजबिलातलं आणि गाडीच्या माहितीपत्रकातलं माप एकच.

बॅटरीत गेलेले युनिट = मीटरवरचे युनिट × चार्जिंगची कार्यक्षमता
आजची क्षमता = बॅटरीत गेलेले युनिट ÷ (वाढलेले टक्के ÷ १००)
तब्येत, म्हणजे एसओएच = आजची क्षमता ÷ नवी असतानाची क्षमता × १००

हिशेब दोन मिनिटांचा आहे. मेहनत आहे ती यातले आकडे खरे मिळवण्यात, आणि त्यातला सगळ्यांत लबाड आकडा म्हणजे डॅशबोर्डवरचे टक्के.

टक्क्यांवर किती भरवसा ठेवायचा

पेट्रोलच्या टाकीत निदान एक तरंगणारा गोळा तरी असतो. बॅटरीत तसं काही नाही. किती करंट आत गेला आणि किती बाहेर आला, हे बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, मोजत राहतं आणि त्याला स्वतःच्या समजुतीतल्या क्षमतेनं भागून टक्के दाखवतं. मोजणीतली बारीक चूक रोज साचते. ती पुसायला बीएमएसला सेलच्या व्होल्टेजचा आधार लागतो. तो आधार कधी मिळतो, हे बॅटरीच्या जातीवर ठरतं.

एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेलचं व्होल्टेज टक्क्यांबरोबर नीट चढतं: २० टक्क्यांच्या आसपास साडेतीन व्होल्ट, ९० ला ४.१ च्या घरात. गाडी दोन-तीन तास उभी राहिली की बीएमएस व्होल्टेज पाहून आपली चूक सुधारतं. ह्युंदाईची ३९.२ किलोवॅट-तासांची कोना या जातीची. अशा गाडीत १५ ते ९० टक्के एवढी मजल मोजली तरी उत्तर बरं येतं.

एलएफपीचं, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट सेलचं, तसं नाही. नेक्सॉन ईव्ही, बीवायडी ॲटो ३, ५०.३ किलोवॅट-तासांची झेडएस ईव्ही या सगळ्या एलएफपी. या सेलचं व्होल्टेज २० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान ३.२ ते ३.३५ व्होल्ट एवढ्यातच घुटमळतं, त्यामुळे मधल्या पट्ट्यात बीएमएस जवळपास आंधळं असतं. खात्रीच्या जागा दोनच: अगदी वर, जिथे व्होल्टेज झपकन चढतं, आणि १० टक्क्यांच्या खाली, जिथे ते घसरतं.

इथेच बहुतेक घरगुती हिशेब फसतात. एलएफपी गाडी ३० वरून ८० वर नेली आणि युनिट मोजून क्षमता काढली, तर उत्तर दिसायला छान येतं, पण ती बॅटरीची क्षमता नसते. ते ५० टक्के बीएमएसनं स्वतःच्या समजुतीच्या क्षमतेनंच भागून दाखवलेले असतात, त्यामुळे गुणाकार-भागाकार करून तुमच्या हाती तीच समजूत परत येते. बॅटरी ९२ वर आली असेल आणि बीएमएस अजून १०० धरून बसलं असेल, तर तुमचं उत्तरही १०० च येणार. म्हणून एलएफपी गाडीची चाचणी १० टक्क्यांच्या खालून सुरू करायची आणि चार्जर स्वतःहून बंद होईपर्यंत चालवायची. अधलीमधली मोजणी लिहून ठेवायला हरकत नाही, पण तिच्यावर निकाल देऊ नये.

युनिट कुठे मोजायचे

महावितरणच्या घरच्या मीटरवर मोजता येतं, पण रात्रभर घरात दुसरं काही चालू नसेल तरच. कूलरचे दिवस असतील तर विसराच: २०० वॅटचा एक कूलर तेरा तासांत २.६ युनिट खातो. गाडीचे ४१-४२ युनिट मोजायचे असतील, तर एवढ्यानंच सहा टक्क्यांची चूक झाली. वर फ्रीज, पंखे आणि पहाटेचा गीझर. ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन आणि वेगळा मीटर असेल तर प्रश्नच मिटला. त्याच्यासारखं काही नाही.

नसेल, तर चार्जिंगच्या लाइनवर एमसीबीच्या शेजारी पट्टीवर बसणारा सिंगल फेज एनर्जी मीटर इलेक्ट्रिशियनकडून लावून घ्यावा. अचूकता क्लास १ हवी, म्हणजे चूक एक टक्क्याच्या आत राहते. रीडिंग निदान एका दशांशापर्यंत दिसायला हवं, आणि ३.३ किलोवॅटचा चार्जर असला तरी मीटर ३२ अँपिअर किंवा त्याहून जास्तीचाच घ्यावा. सॉकेटमध्ये खोचायचे स्वस्त मीटर या कामाला टाळलेलेच बरे. त्यांच्यावर १६ अँपिअर छापलेलं असतं, पण १४ अँपिअर सलग बारा तास वाहिले की त्यांच्या पिना तापतात, आणि मे महिन्यात पोर्चमध्ये रात्रीही हवा गरमच असते. हात लावल्यावर सॉकेट चटका देत असेल, तर आधी तो बदला, वायर चार चौरस मिलिमीटर तांब्याची आहे का ते बघा, मोजणी नंतर.

७.२ किलोवॅटच्या भिंतीवरच्या चार्जरचं ॲपही युनिट दाखवतं. ते चालेल, फक्त एकदा मीटरशी ताडून पाहावं. दोन्हींत नेहमी सारखाच फरक येत असेल तर काही बिघडत नाही, तेवढी दुरुस्ती करून घ्यायची.

चाचणी कधी आणि कशी

नागपुरात यासाठी उत्तम काळ दिवाळीनंतरचे काही आठवडे आणि मग फेब्रुवारी. दिवसा हवा २५-३० अंशांवर असते, सेल आपल्या आवडीच्या तापमानात असतात आणि बॅटरी थंड करायला कंप्रेसर चालवावा लागत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास येतो. गार सेल थोडी कमी क्षमता दाखवतात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, तर मोजूच नये. दरवर्षी एकाच मोसमात मोजलं, तरच या वर्षीचा आकडा मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवता येतो.

आधी गाडी एकदा १०० टक्के भरून चार्जर आपोआप बंद होऊ द्या. हा फेरा मोजायचा नाही. यात बीएमएसची साचलेली चूक निघते आणि सेल एका पातळीवर येतात. चार्ज टायमर, चार्जची मर्यादा आणि मोबाइलवरून केबिन थंड करण्याची सोय या तिन्ही गोष्टी बंद ठेवा. मर्यादा ८० वर राहून गेली आणि सकाळी गाडी तिथेच थांबलेली दिसली, हा प्रकार फार सर्रास होतो.

मग ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि दोन-तीन दिवसांत बॅटरी उतरवा. वर्धेला जाऊन येणं साधारण दीडशे किलोमीटर, रामटेकला जाऊन येणं शंभर. ४० किलोवॅट-तासांच्या गाडीला एवढं पुरतं. शहरातल्या रोजच्या फेऱ्यांतही उतरवता येईल, पण जितके दिवस जास्त, तितकी उभ्या गाडीतली वीज जास्त जाते आणि ती ट्रिपमध्ये दिसत नाही. मधे कुठेही चार्जिंग नको. १५ टक्के उरले की लांब जायचं नाही. उरलेलं अंतर आपल्याच वस्तीत, घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत फिरून काढायचं. ६ ते ८ टक्क्यांवर थांबा. त्याखाली नेण्याची गरज नाही, काही गाड्या तिथे ताकदही कापतात.

आता गाडी बंद करून दोन तास तशीच ठेवा. हे बरेच जण गाळतात. चालती गाडी थांबल्यावर सेलचं व्होल्टेज सावरायला वेळ लागतो. दोन तासांनी चालू केल्यावर ९ चे ६ झालेले दिसले, तर ६ लिहा. ३ टक्क्यांची घसरण आहे, हेही टिपून ठेवा. ती दर वेळी होत असेल, तर बीएमएस क्षमता जास्त धरून बसलंय.

चार्जर लावण्याआधी मीटरचं रीडिंग लिहा किंवा त्याचा फोटो घ्या, डॅशबोर्डचाही घ्या. फोटोवर वेळ आपोआप येते, म्हणून तो बरा. १०० टक्के पहिल्यांदा दिसतील तेव्हा दुसरं रीडिंग, आणि चार्जर स्वतः बंद झाल्यावर तिसरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या रीडिंगमधला फरक बोलका असतो. तिथे पाव-अर्धा युनिट जाणं स्वाभाविक आहे, सेल समान करण्याचं काम तेव्हाच चालतं. पण १०० दाखवल्यावरही दीड-दोन युनिट गेले, किंवा उलट ९४ वरून गाडी एकदम १०० वर उडाली, तर बीएमएसचा अंदाज भरकटलेला होता. असा फेरा सोडून द्या आणि सगळं पहिल्यापासून करा.

मधेच वीज गेली आणि अर्ध्या तासात आली तर चिंता नाही, रीडिंग पुढे चालूच राहतं. तीन-चार तास गेली तर मोजणी रद्द समजा.

हिशेब, एका उदाहरणानं

४०.५ किलोवॅट-तासांची एलएफपी गाडी धरू. सुरुवात ७ टक्के, शेवट १००, म्हणजे वाढ ९३. चार्जर बंद होईपर्यंत मीटरवर ४१.६ युनिट. ३.३ किलोवॅटच्या चार्जरला सुमारे साडेतेरा तास लागले.

४१.६ पैकी सगळे बॅटरीत जात नाहीत. गाडीतला चार्जर घरातली एसी (प्रत्यावर्ती) वीज डीसी (एकदिश) करताना तापतो; शिवाय बीएमएस, पंप आणि १२ व्होल्टची बॅटरी असा शे-दोनशे वॅटचा खर्च चार्जिंग संपेपर्यंत चालूच असतो. म्हणूनच चार्जर जितका हळू, तितकी नासाडी जास्त: २०० वॅट म्हणजे ३.३ किलोवॅटचे सहा टक्के, पण ७.२ चे तीनच. संध्याकाळी व्होल्टेज २०० च्या आसपास पडलं की चार्जिंग लांबतं आणि हा खर्च आणखी वाढतो. ढोबळमानानं ३.३ किलोवॅटवर कार्यक्षमता ८५ ते ९० टक्के, ७.२ वर ८८ ते ९३.

८८ धरली तर: ४१.६ × ०.८८ = ३६.६१. भागिले ०.९३ = ३९.३६. भागिले ४०.५ = ९७.२ टक्के.

८६ धरली असती तर उत्तर ९५.० आलं असतं आणि ९० धरली तर ९९.४. म्हणजे अंदाजानं घेतलेल्या एका आकड्यानं निकाल चार टक्के इकडेतिकडे होतो. त्यामुळे ‘माझी बॅटरी ९७.२ टक्के’ असं एका दशांशापर्यंत सांगण्यात अर्थ नाही.

कार्यक्षमता आपल्याच गाडीची काढता येते. त्यासाठीच मघाशी ट्रिप शून्य केली होती. समजा १०० ते ७ उतरताना गाडी २४७ किलोमीटर चालली आणि सरासरी खर्च दर किलोमीटरला १४८ वॅट-तास दिसला. २४७ × ०.१४८ = ३६.५६ युनिट बॅटरीतून निघाले. तेच परत भरायला मीटरवर ४१.६ लागले, म्हणून कार्यक्षमता ३६.५६ ÷ ४१.६ = ८७.९ टक्के. यात बॅटरीच्या आतली थोडी उष्णताही धरली गेली. मोजमाप ‘प्रत्यक्ष वापरायला मिळालेली वीज’ असं असल्यामुळे ते योग्यच आहे. एक शंका मात्र तपासा: गाडीच्या सरासरीत एसी आणि सिग्नलवर उभं राहताना गेलेली वीज येते का? अर्धा तास एसी लावून गाडी उभी ठेवा. टक्का उतरला पण ट्रिपचा आकडा जागचा हलला नाही, तर ती येत नाही, आणि उतरवण्याची फेरी एसी न लावता करावी लागेल.

टक्के पूर्णांकात दिसतात, म्हणून दोन टोकांचा मिळून एक टक्का इकडेतिकडे होऊ शकतो. ९३ च्या मजलेत त्यानं उत्तर एक टक्क्यानं हलतं. २० च्या मजलेत पाच टक्क्यांनी हलेल. रोज संध्याकाळी ६० ते ८० भरून ‘आज ९४, काल ९९’ असं जे दिसतं, त्याचं कारण हेच.

छेदातल्या ४०.५ बद्दलही जपून. माहितीपत्रकातला आकडा बहुधा पूर्ण क्षमतेचा असतो, आणि कंपनी त्यातली थोडी वर-खाली राखून ठेवते. नवी कोरी गाडीही या हिशेबात ९६-९७ दाखवू शकते. शक्य असेल तर गाडी घेतल्यावर दोन-तीन महिन्यांतच ही चाचणी करून तोच आकडा १०० समजावा. ती संधी गेली असेल तर आजचा आकडा पायाभूत धरा आणि पुढची घट त्याच्यावरून मोजा. कार्यक्षमता थोडी चुकली असली तरी दर वर्षी तीच चूक होते, त्यामुळे दोन वर्षांतला फरक बराच खरा येतो.

फास्ट चार्जरवर मोजताना

डीसी चार्जर वीज थेट बॅटरीच्या लाइनला देतो, त्यामुळे गाडीतल्या चार्जरची गळती मधे येत नाही. पण स्क्रीनवरचे युनिट चार्जरच्या आत शिरताना मोजलेत की बाहेर पडताना, हे आधी ठरवा. व्होल्ट आणि अँपिअर स्थिर असताना सहा मिनिटं पाहा. ३३० व्होल्ट आणि ७५ अँपिअर म्हणजे २४.७५ किलोवॅट; सहा मिनिटांत २.४७ युनिट वाढायला हवेत. २.६५ वाढले, तर मोजणी आत शिरतानाची आहे आणि सगळ्या आकड्यातून सात टक्के वजा करावे लागतील.

चार्जिंग चालू असताना आत एसी लावून बसू नका. दीड किलोवॅटचा एसी पाऊण तासात १.१ युनिट घेतो; २५ युनिटच्या चार्जवर ही साडेचार टक्क्यांची भेसळ झाली, तीही बॅटरी आहे त्याहून चांगली दिसेल अशी. उन्हाळ्यात बॅटरीचा स्वतःचा कंप्रेसर लागतो, तो तर तुम्हाला बंदही करता येत नाही. म्हणून डीसीची मोजणी फक्त ताडून पाहण्यापुरती, आणि एलएफपीच्या मधल्या पट्ट्याची वर सांगितलेली अडचण इथेही आहेच.

आकडा खाली आला तर

सुरुवातीच्या वर्ष-दीड वर्षात घट जास्त दिसते आणि मग मंदावते. सेलच्या ऋण बाजूवर एक पातळ थर जमतो, त्यात थोडं लिथियम कायमचं अडकतं. थर जाड होत जातो तसा त्याचा वाढण्याचा वेग कमी होतो. म्हणून पहिल्या वर्षाच्या ३ टक्क्यांना ८ वर्षांनी गुणून हातपाय गाळू नयेत.

हा थर उष्णतेनं आणि भरलेल्या अवस्थेत लवकर वाढतो. ४५ अंशांत उघड्यावर १०० टक्के भरून ठेवलेली गाडी हा दोन्हींचा संगम. मेमध्ये शक्यतो पहाटे निघण्याच्या वेळी चार्ज संपेल असा टायमर लावा आणि आठवड्याभरासाठी बाहेरगावी जाताना गाडी ५०-६० वर सावलीत ठेवून जा. एलएफपीला अधूनमधून पूर्ण चार्ज लागतो, तो द्यावाच. पण भरल्यावर लगेच वापरात आणा.

दोन मोजण्यांत एकदम ५ टक्क्यांहून जास्त फरक आला, तर आधी सर्व्हिसिंगचा कागद बघा. मधल्या काळात बीएमएसचं सॉफ्टवेअर बदललं असेल, तर राखीव भाग कमी-जास्त झालेला असू शकतो. तिथून नवी मोजणी सुरू करायची. तसं काही नसेल आणि ओबीडी यंत्र (गाडीच्या निदानाच्या सॉकेटला जोडून आतले आकडे वाचणारं) लावून सेलची व्होल्टेज वाचता येत असतील, तर ८-१० टक्क्यांवर गाडी विसावल्यावर सगळ्यांत वरच्या आणि सगळ्यांत खालच्या सेलमधला फरक पाहा. सेल ओळीनं जोडलेले असल्यामुळे सगळ्यांत कमजोर सेल रिकामा झाला की अख्खी बॅटरी थांबते. पूर्ण चार्ज करून दोन-तीन फेऱ्यांनंतरही त्याच क्रमांकाचा सेल मागे पडत असेल आणि फरक १०० मिलिव्होल्टच्या वर असेल, तर दुखणं त्या एका मॉड्युलचं, म्हणजे सेलच्या गटाचं आहे, सगळ्या बॅटरीचं नाही. ओबीडीवर थेट दिसणाऱ्या एसओएचच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. काही गाड्यांत तो वर्षानुवर्षं १०० च राहतो.

सर्व्हिस सेंटर घरचा हिशेब वॉरंटीसाठी मान्य करणार नाही. पण तारीख, ओडोमीटर, सुरुवातीचे आणि शेवटचे टक्के, तिन्ही रीडिंग, तापमान आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती अशा नोंदी दोन-तीन वर्षांच्या असतील, तर त्यांच्याकडून बीएमएसचा लेखी अहवाल मागायला जोर येतो. वॉरंटी किती वर्षांची आणि किती टक्क्यांखाली लागू, हे आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहून ठेवा; कंपनीगणिक ते वेगळं असतं.

जुनी ईव्ही घेताना एवढा वेळ मिळत नाही. विकणाऱ्याला गाडी १५ टक्क्यांच्या खाली आणून ठेवायला सांगा आणि त्याच्याच घरी पूर्ण चार्ज करू द्या. मीटरचा आधीचा आणि नंतरचा फोटो तुमच्यासमोर घ्या. ३.३ किलोवॅटसाठी ०.८८ धरून हिशेब करा. उत्तर ९० च्या वर असेल तर बॅटरीवरून भावात घासाघीस करायला फारशी जागा नाही. ८५ च्या खाली असेल तर कंपनीचा अहवाल हाती आल्याशिवाय बयाणा देऊ नका. आणि विकणारा म्हणाला, ‘शंभर टक्के नको, ऐंशीपर्यंतच बघा’, तर गाडी एलएफपी आहे का, हे आधी विचारा.